आठ लाखांची पेन्शन

युद्धानंतरच्या तहांचा विषय निघाला की आपली गाडी सरळ व्हर्सायला जाऊन थांबते. १९१९ साली दोस्तांनी जर्मनीला फार चेपलं आणि त्यातून हिटलर निघाला, की मुळात पुरेसं चेपलंच नव्हतं, यावर तासभर भांडू शकणारा एक तरी माणूस प्रत्येकाच्या ओळखीत असतो. माझ्या तर घरातच आहे. पण त्याच्या बरोबर शंभर वर्षं आधी, १८१९ साली, आपल्या इथेच असा एक हिशेब पुरा होत होता. त्यात हरलेली बाजू आपली होती. त्याबद्दल मात्र आपण फारसं बोलत नाही. शाळेच्या पुस्तकात खडकी, येरवडा, कोरेगाव, आष्टी अशा लढाया पाठ करायच्या, 'पेशवाई बुडाली' असं लिहायचं आणि पुढच्या धड्यात एकदम रेल्वे, तारायंत्र आणि समाजसुधारणा. मधे हरलेल्या माणसांचं काय झालं?

गेले काही महिने सवड मिळेल तसं याच काळाबद्दल वाचतोय. जिंकणाऱ्यांनी हरलेल्यांना न्यायाने वागवलं का, एवढा एकच प्रश्न डोक्यात होता. उत्तर सोपं असेल असं वाटलं होतं. तसं ते नाही.

आधी थोडी उजळणी. १८०२ च्या शेवटच्या दिवशी वसईचा तह करून दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांची तैनाती फौज घेतली. १८१५ साली गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन यांचा पंढरपुरात खून झाला, संशय बाजीरावाचा लाडका त्रिंबकजी डेंगळे याच्यावर आला, आणि ते प्रकरण वाढत वाढत जून १८१७ च्या पुणे करारापर्यंत पोचलं. त्यात बाजीरावाने मराठा सरदारांचं पुढारपण सोडल्याचं लिहून दिलं. ५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीची लढाई झाली. त्याच दिवशी संगमावरची रेसिडेन्सी पेशव्यांच्या लोकांनी जाळली, तिच्यात रेसिडेंट माउंटस्टुअर्ट एलफिन्स्टनची पुस्तकं आणि कागदपत्रंही गेली. बारा दिवसांत शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण लागलं. पुढे बाजीराव पळत राहिला, २० फेब्रुवारी १८१८ ला आष्टीला बापू गोखले पडले, आणि जूनच्या सुरुवातीला अशीरगडाजवळ बाजीराव जॉन माल्कमच्या स्वाधीन झाला.

आता ज्या माणसाचं घर पुस्तकांसकट जाळलं, त्याच्याच हातात जिंकलेला मुलुख आला. एलफिन्स्टन दख्खनचा कमिशनर झाला. सूड घ्यायला याहून चांगली संधी कुठली? पण त्याने तसं केलं नाही. ११ फेब्रुवारी १८१८ ला साताऱ्याहून त्याने जो जाहीरनामा काढला तो मुद्दाम वाचण्यासारखा आहे. बाजीरावाचं राज्य संपलं, हे तर त्यात आहेच. पण त्याबरोबर वतनं, इनामं, वर्षासनं, देवस्थानं आणि धर्मादाय चालू राहतील असं अभय आहे. कुणाच्या धर्माला हात लावणार नाही असं आहे. मामलती मक्त्याने द्यायची पद्धत बंद, असंही आहे. अट एकच, दोन महिन्यांच्या आत बाजीरावाची चाकरी सोडून घरी परत यायचं.

आणि बरंचसं पाळलंही गेलं. पुणं, नगर, खानदेश, धारवाड इथे कलेक्टर बसले, पण खालचे मामलेदार, पाटील, कुळकर्णी तेच राहिले, पंचायतीही चालू ठेवल्या. पटवर्धनांच्या सांगली, मिरज, जमखंडी, कुरुंदवाड या जहागिरी टिकल्या. बड्या सरदारांना साध्या कोर्टात खेचलं जाऊ नये म्हणून वेगळी सोय केली. श्रावणातली दक्षिणा एकदम बंद न करता तिच्यातला काही पैसा बाजूला काढून १८२१ साली विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा काढली, तिचंच पुढे डेक्कन कॉलेज झालं. बाजीरावाला वर्षाला निदान आठ लाख रुपये पेन्शन आणि कानपूरजवळ बिठूरला मुक्काम मिळाला. आठ लाख ही रक्कम कलकत्त्याला गव्हर्नर जनरल लॉर्ड हेस्टिंग्जला इतकी जास्त वाटली की तो माल्कमवर नाराज झाला, पण दिलेला शब्द त्याने मोडला नाही.

आता हे सगळं वाचून तुम्हीही म्हणाल, यापेक्षा बरं काय हवं होतं? मीही पहिल्यांदा हेच म्हणालो. जिंकणाऱ्याने सगळं लुटून न्यायचं ही जगाची रीत. इथे तर हरलेल्या राजाला पेन्शन, सरदारांना जहागिरी आणि भटजींना दक्षिणा!

यामागे धोरण होतंच, ते एलफिन्स्टननेही लपवलेलं नाही. मुलुख नवा, माणसं थोडी, आणि हत्यारं बाळगणारे हजारो लोक एका दिवसात रिकामे झालेले. त्यांना डिवचण्यापेक्षा शांत ठेवणं स्वस्त होतं. जिथे शांत राहिले नाहीत तिथे हाच उदार माणूस काय करत होता तेही लक्षात ठेवायला हवं. पुण्या-साताऱ्यातल्या गोऱ्यांना मारण्याचा कट उघडकीला आला तेव्हा त्याच्या सूत्रधारांना त्याने तोफेच्या तोंडी दिलं. ज्यांना नाशिककडचे किल्ले चढायची हौस आहे त्यांनी तिथल्या फोडलेल्या पायऱ्या पाहिल्या असतीलच. अलंग-मदनला दोर लावून चढताना आपण १८१८ च्या त्या सुरुंगांचेच आभार मानत असतो.

पण हेतूवरून न्याय-अन्याय ठरवू नये असं मला वाटतं. स्वार्थातून का होईना, चांगलं झालं तर चांगलंच. म्हणून मी वेगळं करून पाहिलं. हरलेली बाजू म्हणजे काही एक माणूस नव्हता. ज्याला ज्याला शब्द दिला होता त्याचं पुढे तीस-चाळीस वर्षांत काय झालं, ते एकेकाचं बघू.

पहिला बाजीराव, म्हणजे अर्थातच दुसरा. शरण आला तेव्हा ४३ वर्षांचा होता आणि त्यानंतर जवळजवळ साडेबत्तीस वर्षं जगला. म्हणजे कंपनीने त्याला अडीच कोटींच्या वर रुपये मोजले. जानेवारी १८५१ मध्ये तो वारला आणि डलहौसीने पेन्शन बंद केली. दत्तकपुत्र नानासाहेबांनी अर्ज केले, अजिमुल्लाखानाला लंडनला पाठवलं, काही उपयोग झाला नाही. भांडण एका शब्दावर होतं. माल्कमने ही पेन्शन बाजीरावाच्या आणि त्याच्या कुटुंबाच्या निर्वाहासाठी म्हणून कबूल केली होती. कुटुंब म्हणजे त्याच्या हयातीतलं, की मागे राहिलेलंही? खरं सांगायचं तर या वादात मला कंपनीची बाजू अगदीच खोटी वाटत नाही. बाजीरावाबद्दल फार कळवळा यावा असा तो माणूसही नव्हता. पण त्या शब्दाचा अर्थ लावायचा अधिकार कुणाला होता? ज्याला पैसे द्यायचे होते त्यालाच. हा मुद्दा इथे बाजूला ठेवतो, तो परत येणार आहे.

दुसरे साताऱ्याचे प्रतापसिंह महाराज. खरं तर ते हरलेच नव्हते. पेशवा त्यांना जवळजवळ कैदी म्हणून बरोबर फिरवत होता, आणि आष्टीच्या लढाईत ते इंग्रजांच्या हाती आले. २५ सप्टेंबर १८१९ च्या तहाने त्यांना साताऱ्याचं छोटं राज्य मिळालं. महाराज, त्यांचे पुत्र आणि वारस यांनी पिढ्यान्पिढ्या राज्य करावं, अशा अर्थाचे शब्द त्या तहात स्वच्छ लिहिलेले आहेत. सुरुवातीला कारभार पाहायला कॅप्टन जेम्स ग्रँट होता, म्हणजे मराठ्यांची बखर लिहिणारा आपला ग्रँट डफ. १८२२ मध्ये कारभार महाराजांच्या हातात आला आणि त्यांनी तो इतका नेटका केला की लंडनच्या डायरेक्टरांनी खूष होऊन त्यांना तलवार भेट द्यायचं ठरवलं.

पुढे काही जहागिरदारांवर हुकूम कुणाचा यावरून मुंबई सरकारशी बिनसलं. महाराज तहाचा कागद दाखवून आपला हक्क मागत राहिले. मग त्यांच्यावर आरोप आले, इंग्रजांच्या पलटणीतले शिपाई फितवले, गोव्याच्या पोर्तुगीजांशी आणि नागपूरच्या आप्पासाहेब भोसल्यांशी संधान बांधलं. महाराजांनी उघड चौकशी मागितली. गव्हर्नर कारनॅकने त्यांच्यासमोर सही करायला कागद ठेवला, सही केलीत तर मागचं सगळं विसरतो. ही सही म्हणजे गुन्ह्याची कबुली, असं म्हणून महाराजांनी नकार दिला. सप्टेंबर १८३९ मध्ये त्यांना गादीवरून उतरवून काशीला पाठवलं. १८४७ साली ते तिथेच वारले. त्यांच्या जागी बसवलेले भाऊ शहाजी १८४८ च्या एप्रिलमध्ये गेले, जाताना त्यांनी दत्तक घेतला होता, तो डलहौसीने मानला नाही आणि राज्य खालसा केलं. १८१९ ते १८४८. 'पिढ्यान्पिढ्या' एकोणतीस वर्षांत संपल्या.

या सगळ्यात मला सगळ्यात जास्त रंगो बापूजींचं वाटतं. महाराजांचे वकील म्हणून ते लंडनला गेले आणि १८४० पासून १८५३ पर्यंत तिथे दारोदार फिरले. कंपनीचे डायरेक्टर, भागधारक, पार्लमेंटचे सभासद, जो ऐकेल त्याला तहाचा कागद समजावून सांगत राहिले. जोसेफ ह्यूम आणि जॉर्ज थॉम्पसनसारखे इंग्रज त्यांच्या बाजूने भांडले. भाषा परकी, हवा परकी, खर्चाला पैसा नाही, आणि ज्याच्या विरुद्ध तक्रार त्याच्याच दारात न्याय मागायचा. प्रबोधनकार ठाकऱ्यांचं त्यांच्यावरचं पुस्तक मिळालं तर जरूर वाचा. रिकाम्या हातांनी परत आलेल्या या म्हाताऱ्याने १८५७ साली साताऱ्याला उठाव करायचा बेत केला. तो फुटला. सतरा जणांना मृत्युदंड झाला, त्यांत त्यांचा मुलगा सीताराम होता. रंगो बापूजी निसटले ते कुणाला पुन्हा दिसलेच नाहीत. तेव्हा मुंबईचा गव्हर्नर होता लॉर्ड एलफिन्स्टन, माउंटस्टुअर्टचा पुतण्या. आपल्या एलफिन्स्टन रोड स्टेशनचं नाव या पुतण्याचं होतं, कॉलेजचं नाव काकाचं. (स्टेशनचं २०१८ मध्ये प्रभादेवी झालं.)

आणि काका? ते तेव्हा इंग्लंडमध्ये निवृत्त होऊन राहत होते. सातारा खालसा केल्याचं त्यांना मुळीच पटलं नव्हतं. ज्याने हे घर बांधलं तोच सांगत होता की हे पाडणं चूक आहे. पण त्याचं म्हणणंही आता एका म्हाताऱ्याचं मत होतं, त्यापलीकडे काही नाही.

तिसरे इनामदार. जाहीरनाम्यात इनामांना अभय दिलं होतं. पण पुढे सरकारला पैशाची चणचण भासू लागली आणि १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशन बसलं. हक्क खरा आहे हे इनामदाराने सिद्ध करायचं, सनद दाखवायची. दीडशे वर्षांपूर्वीची सनद, मधे धामधुमी झाल्या, वाडे जळले, कागद वाळवीने खाल्ले. आमच्या नात्यात एका घरी अजून अशी एक मोडी सनद फडक्यात बांधून देवघरात ठेवलेली आहे. लहानपणी मला वाटायचं ती पूजेची वस्तू आहे. आता कळतं की कुणीतरी ती केवळ भीतीपोटी जपली असणार. यातले बरेच दावे खोटे असतील, फुकट जमिनी खाणारे असतील, हे मान्य. पण तपासणी करणारं कमिशन सरकारचं, अपील सरकारकडे, आणि जमीन खालसा झाली तर सारा जाणार सरकारच्याच तिजोरीत!

या सगळ्यापेक्षा बोलकी अशी एक गोष्ट मला कोर्टाच्या कागदांत सापडली. नारो गोविंद नावाचा पेशव्यांचा माणूस, रायगडाचा अधिकारी. गड पडल्यावर तो पुण्यात आपल्या घरी नजरकैदेत राहत होता. १८१८ च्या जुलैमध्ये, म्हणजे बाजीराव शरण आल्यानंतर, त्याचा ऐवज पुण्याच्या नव्या अंमलदारांनी जप्त केला. पुढे त्याच्या वतीने एलफिन्स्टनवरच फिर्याद झाली, आणि मुंबईच्या सुप्रीम कोर्टाने ती मान्य केली! इंग्रजांच्या कोर्टाने इंग्रज अधिकाऱ्याविरुद्ध निकाल दिला. आपण ज्याला 'इंग्रजांचा न्याय' म्हणतो तो हाच. पण अपील लंडनला प्रिव्ही कौन्सिलकडे गेलं, आणि १८३० साली तिथे निकाल फिरला. ही जप्ती युद्धातली आहे, सबब तिच्यात लक्ष घालायचा अधिकार कुठल्याच दिवाणी कोर्टाला नाही. नारो गोविंदाचं खरं की खोटं यात ते शिरलेच नाहीत. तुमचं गाऱ्हाणं ऐकण्याची जागाच नाही, एवढंच सांगितलं.

मला वाटतं, माझ्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. बाजीरावाची पेन्शन, साताऱ्याचा तह, इनामं, सगळीकडे अटी चांगल्या होत्या. पण अट मोडली तर जाब कुठे विचारायचा, याची सोय कुठेच नव्हती. शब्द देणारा, त्याचा अर्थ लावणारा आणि तो मोडला की नाही ठरवणारा एकच.

याउलट मराठ्यांनीच जिंकलेली एक लढाई घ्या. १७९५ साली खर्ड्याला निजामाचा पराभव झाला. त्याच्यावर लादलेल्या अटी चांगल्याच कडक होत्या, मुलुख घेतला, तीन कोटींच्या आसपास खंडणी ठरली, वर त्याचा दिवाण मशीरुल्मुल्क याला पुण्यात आणून ठेवला. उदारपणात एलफिन्स्टनच्या पासंगालाही न पुरणारा तह. पण निजाम तहानंतरही निजामच होता. त्याच वर्षी सवाई माधवराव गेले, पुण्यात गोंधळ माजला, आणि दोन वर्षांत निजामाने त्यातलं बरंचसं परत मिळवलं, दिवाणासकट. कागदाच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी उभं होतं. १८१८ नंतर आपल्याकडे ते दुसरं टोकच उरलं नाही.

ज्यांना कसलाच शब्द दिला नव्हता त्यांचं काय, हे तर आणखी वेगळं. स्वतःचा घोडा घेऊन चाकरीला येणारे शिलेदार रिकामे झाले. किल्ल्यांच्या राखणीवर जगणाऱ्या रामोश्यांची कामं गेली, आणि १८२६ पासून पुरंदरच्या मुलखात उमाजी नाईकांनी सरकारला सळो की पळो केलं. १८३२ मध्ये त्यांना पुण्यात फाशी दिलं. रयतेची मक्तेदारांपासून सुटका झाली हे खरंच, बाजीरावाच्या शेवटच्या वर्षांत त्यांनी गावं पिळून काढली होती. पण पुढे प्रिंगलने केलेली आकारणी इंदापूर तालुक्यात इतकी जड झाली की लोक जमिनी सोडून गेले, आणि १८३६ च्या सुमाराला गोल्डस्मिड आणि विंगेट यांना सगळं नव्याने करावं लागलं. शिवाय जुने कुळकर्णी, जुने कारकून तसेच ठेवले, याचा अर्थ गावातल्या गरिबाच्या मानेवर पूर्वीचेच लोक बसलेले राहिले. जोतीराव फुल्यांनी पुढे हेच तर घसा फोडून सांगितलं.

आणि पेशवाईचा पराभव हा ज्यांना आपला पराभव वाटलाच नाही, असेही लोक होते. कोरेगावच्या स्तंभावर कंपनीच्या बाजूने पडलेल्या महार शिपायांची नावं आहेत. १९२७ सालच्या १ जानेवारीला डॉ. आंबेडकर तिथे गेले होते. ती आठवण त्यांच्यासाठी अभिमानाची का आहे हे समजायला पेशवाईतली अस्पृश्यता आठवली तरी पुरे. पण गंमत पाहा, १८९० च्या दशकात सरकारने महारांची सैन्यभरती बंद केली, तेव्हा त्यांच्याही हाती अर्ज लिहिण्याखेरीज काही राहिलं नाही. शिवराम जानबा कांबळ्यांनी १९१० साली थेट भारतमंत्र्यांकडे अर्ज केला. जिंकणाऱ्यांच्या बाजूने लढलेल्यांनाही दाद मागायला दुसरी जागा नव्हती.

तेव्हा न्याय झाला का? दया झाली, शहाणपण झालं, काही बाबतीत त्या काळाच्या मानाने मोठेपणाही झाला. एलफिन्स्टनच्या जागी दुसरा कुणी असता तर बरंच वाईट झालं असतं, हेही मी मानतो. पण तो मोठेपणा एका माणसाच्या स्वभावात होता आणि तो माणूस १८२७ मध्ये बोटीत बसून निघून गेला. न्याय म्हणायचा तर तो पुढच्या गव्हर्नरच्या काळातही टिकायला हवा होता, त्याच्या मर्जीविरुद्धसुद्धा. म्हणून माझ्या पुरतं उत्तर 'नाही' असंच आहे.

व्हर्सायवर भांडणाऱ्या आमच्या बंधुराजांना हे ऐकवलं. ते म्हणाले, "मग काय, अटी कडक असल्या तरी चालतील, पण हरलेला माणूस खुर्चीवर बसलेला हवा?" मी म्हटलं, हो, साधारण तसंच. त्यांना ते पटलेलं नाही. येत्या गणपतीत पुढचा वाद होईलच, तोवर तुम्हाला काय वाटतं तेही कळवा.